पाणी न मागणारी भिंत

काही सांगण्याआधी ते उजवा हातमोजा काढून काखेत धरत आणि म्हणत, "आधी मोजायचं, मग घाबरायचं." मग खिशातून तापमापक निघे. अंदाजाने बोलणारे कारागीर तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. हे गृहस्थ हवेबद्दलही अंदाजाने बोलत नसत.

जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळच्या एका गावात आमचे घर बांधायला घेतले, तेव्हा साचे पुरवणाऱ्यांनी या गृहस्थांना देखरेखीसाठी पाठवले होते. हे साचे म्हणजे थर्मोकोलचे पोकळ ठोकळे. ते एकावर एक रचायचे, आत सळया घालायच्या आणि पोकळीत काँक्रीट ओतायचे. साचा नंतर काढत नाहीत. तोच भिंतीचा गरम कपडा होतो. म्हणून थंडीतही काम चालते, फक्त भिंतीचा उघडा माथा झाकून ठेवावा लागतो. हे मला त्यांनीच शिकवले. पुण्यात मी चौदा वर्षे गणित शिकवले, पण तिसऱ्यांदा विचारलेली शंका पहिल्याइतक्याच शांतपणे सोडवणे मला कधी जमले नव्हते.

माझे सासरे, म्हणजे बाबा, तेव्हा भारतातून आमच्याकडे आले होते. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांची हयात गेलेली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासभर सळयांकडे पाहत शेजारी उभे राहत. "हेर कोलेगेंना विचारा, सळयांच्या गाठी ठीक आहेत का," असे ते जर्मन गृहस्थ मला गंभीरपणे सांगत. हेर कोलेगे म्हणजे सहकारी महाशय, अर्थात बाबा. बाबा एकेक गाठ हलवून पाहत आणि मान डोलावत.

काँक्रीट ओतल्याच्या दुसऱ्या सकाळी तापमान उणे चार होते. मी साइटवर पोहोचले, तर खिडक्यांखालच्या कमरेएवढ्या भिंतींवरच्या जाड गोधड्या नीट घडी करून बाजूला ठेवलेल्या, आणि बाबा रिकामी बादली घेऊन उभे. समोरच्या आमच्या भाड्याच्या घरातून त्यांनी चार खेपा केल्या होत्या.

"अहो बाबा, हे काय केलंत?"

"पाणी मारलं. काँक्रीट तडकेल नाहीतर. इथे कुणाला आठवणच नाही."

माथ्यावर बर्फाचा पापुद्रा धरू लागला होता. कोवळे काँक्रीट गोठले तर त्यात ताकद भरत नाही; भिंत फोडावी लागते. हे मी बाबांना सांगितले, आणि सांगायला नको होते असे लगेच वाटले.

"चाळीस वर्षांत माझी एक भिंत उतरवावी लागली नाही," एवढेच ते म्हणाले.

तेवढ्यात त्या देखरेखीच्या गृहस्थांची गाडी आली. त्यांनी बादली पाहिली, बर्फ पाहिला, बाबांकडे पाहिले. हातमोजा निघाला. काँक्रीटमध्ये आदल्या दिवशी सोडून ठेवलेल्या तारेला त्यांनी मीटर जोडले. बारा अंश. मग बर्फ नुसत्या हाताने उचलून खाली खिळ्याने ओरखडा काढला. वर थोडी साय सुटली. त्याखाली खिळा सरकेना. पाचही खिडक्या त्यांनी अशाच तपासल्या.

"पाणी गोठलंय, भिंत नाही," ते म्हणाले. "आतून ती स्वतःच गरम आहे."

मी तिथेच ठोकळ्यांच्या ढिगावर बसले.

"त्यांना सांगा, उन्हाच्या देशात ते गेनाऊ, अगदी बरोबर आहेत. इथे पाणी साच्यातच कोंडलेलं राहतं, वरून द्यावं लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी भिंतीची आठवण ठेवणारा माणूस मला साइटवर हवाच असतो."

मी शब्दशः सांगितले.

"चेष्टा करतोय का माझी?" बाबांनी विचारले.

"नाही हो बाबा."

गोधडीचे एक टोक त्यांनी बाबांच्या हाती दिले, दुसरे स्वतः धरले, आणि पाचही माथे पुन्हा झाकले गेले.

आमच्याकडचा त्या गृहस्थांचा तो शेवटचा दिवस होता. वरच्या मजल्यासाठी दुसरे गृहस्थ आले. हे पुन्हा कधी आले नाहीत. मला आठवते ते त्यांचे निघणे. सांडलेल्या पाण्याची जमिनीवर काच झाली होती. "आल्झो," म्हणजे चला तर, असे म्हणून त्यांनी बाबांपुढे आधाराला कोपर केले आणि दोघे लहान लहान पावले टाकत गाडीकडे निघाले. मध्येच बाबांनी बोटाने एक निसरडी जागा दाखवली. ते गृहस्थ बाबांचे ऐकून वळसा घालून गेले.