खर्र्याला किळस नाही

गावोगावी मला ‘दातवाली मॅडम’ म्हणतात. मी डॉक्टर नाही. दातांच्या दवाखान्याची गाडी खेड्यांत जाते, तिच्यासोबत मी आरोग्य शिक्षिका म्हणून असते. प्लास्टरचा मोठा जबडा आणि हातभर लांब ब्रश घेऊन अंगणवाडीत, शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभी राहते. दात कसे घासायचे आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा का सोडायचा, हे सांगते. लोक शांतपणे ऐकतात, मान हलवतात आणि बाहेर पडले की खिशातून खर्र्याची प्लास्टिकची पन्नी काढतात.

पुलगावहून रोहण्याकडे जाताना एक गाव लागतं. तिथल्या बसथांब्यावर एका बाईचा पानठेला होता. नवऱ्याला लकवा झाल्यापासून ठेला तीच चालवायची. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून ती इतक्या जोरात घोटायची की तिचे खांदे हलायचे. गावात सावलीची जागा तेवढीच, म्हणून आमची गाडी ठेल्याजवळच थांबायची. पहिल्यांदा मला वाटलं, आम्ही तिच्या धंद्यावर उठलो म्हणून ती हाकलून देईल. तिने उलट स्टूल पुढे केलं.

“बसा मॅडम. तुमी तुमचं काम करा, मी माह्यं करतो.”

त्या दिवशी ठेला नवऱ्याच्या नजरेखाली सोडून ती आमच्या कार्यक्रमाला आली आणि सगळ्यात मागे बसली. तोंड पुरतं उघडतं का हे कळावं म्हणून मी बायकांना सांगितलं, आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. बायका हसत, लाजत बोटं घालून पाहू लागल्या. ती हसली नाही. तिचं एक बोट गेलं, दुसरं दाताला अडलं.

कार्यक्रम संपल्यावर मी तिच्याजवळ गेले. “मावशी, किती वर्षांपासून खाता?”

“खात नाई मी. चाखतो. एक गिऱ्हाईक म्हणते कडक कर, एक म्हणते चुना कमी टाक. चाखल्याशिवाय कसं समजन?”

मग हळूच म्हणाली, “यात्रेत पाणीपुरी खाले गेलतो सुनेसंगं. तोंडातच नाई गेली. फोडून खाल्ली. सून म्हणे, काऊन असं खाता?”

तिखट तर तिने कधीच सोडलं होतं. भाकर वरणात भिजवून, कुस्करून खायची. आमच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तिचं तोंड पाहिलं. डावीकडे, अक्कलदाढेच्या मागे एक जखम होती. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हिला दवाखान्यात आणायलाच हवं.

ती आली नाही. कापूस वेचायचे दिवस होते, पहाटे मजूर बाया शेतात जाताना ठेल्यावरून खर्रा घेऊन जायच्या, हेच तिच्या कमाईचे दिवस. मी परत गेले तेव्हा म्हणाली, “कापूस सरू द्या.” त्यानंतर गेले तर नवऱ्याला ताप होता. गावातली आशाताई तिच्या मागे लागून थकली. शेवटी घास चावणंच बंद झालं, तेव्हा ती स्वतःहून एसटीने वर्ध्याला आमच्या रुग्णालयात आली. जखमेचा तुकडा तपासायला गेला, आणि आम्हाला वाटत होतं तेच, कॅन्सर निघाला.

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. डावा अर्धा जबडा काढावा लागला. त्यानंतर शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे दिवस सुरू झाले. रुग्णालयाच्या बाकावर ती तोंडाला पदर लावून बसायची. मी जाऊन शेजारी बसायची. तिचे शब्द तोंडातच वितळायचे, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची आणि ती पुन्हा पुन्हा पदराने टिपायची. एकदा तिने आरशाबद्दल विचारलं. घरी गेल्यावर पाहा, म्हटलं मी. तिने मान हलवली.

काही महिन्यांनी आशाताईचा फोन आला. “मॅडम, ते बाई पुन्हा ठेल्यावर बसून राह्यली.”

मी तडक गेले. ती खरंच बसली होती. अर्धा चेहरा पदरात, आणि हात पन्नीवर. मला पाहून हात थांबले नाहीत.

“मावशी, हे काय? काऊन उघडला ठेला?” रागात माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली.

“मंग काय करू?” ती तुटक तुटक बोलायची, मला कान जवळ न्यावा लागला. “पह्यले चहा ठेवला होता अठी. तुमी म्हणत होत्या ना, दुसरा धंदा करा. साखर, पत्ती, कप, सारं आणलं. कोणी नाई पेला. उभे राहत, माह्या तोंडाकडे पाहत, अन् पुढच्या हॉटेलात जात. भजे करून पाह्यले, सारे घरीच खाल्ले आमी. वेचनीले गेलतो तर बाया माह्यासंगं जेवाले बसेनात. लाळ गळते ना.”

तेवढ्यात मोटरसायकलवरून एकजण आला. गाडीवरूनच बोट दाखवलं. तिने घोटलेला खर्रा पुढे केला. त्याने तिच्या चेहऱ्याकडे न पाहता घेतला, चिमूट गालात टाकली आणि निघून गेला.

“पाहा,” ती म्हणाली. “माह्या हातचा चहा चालत नाई. खर्रा चालते. खर्र्याले किळस नाई.”

मी स्टुलावर बसून राहिले.

तिला आमच्या कार्यक्रमांत बोलवावं, हे आमच्या डॉक्टरांनी सुचवलं. लोक आमचं ऐकत नाहीत, तिचं ऐकतील. मी भीत भीत विचारलं. ती लगेच हो म्हणाली. “माह्यं तं झालं. पोट्ट्याइचं तोंड तरी वाचन.”

पहिला कार्यक्रम गावातल्याच शाळेत झाला. ती मुलांसमोर उभी राहिली आणि पदर खाली घेतला. पुढच्या बाकावरची एक मुलगी रडू लागली. मावशी एकेक वाक्य बोलायची, मुलांना समजायचं नाही, मग मी ते मोठ्याने पुन्हा म्हणायची. “खर्रा मी विकला. खर्रा मी खाल्ला. तुमी खाऊ नका.” शेवटी एका गुरुजींनी आभार मानले. मावशींनी आपल्या गावाचे डोळे उघडले, असं ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले असं मला तेव्हाही वाटलं. शाळा सुटल्यावर तेच गुरुजी ठेल्यावर आले. मला पाहून ओशाळले. “एकदम सुटत नाही हो मॅडम, कमी करून राह्यलो,” म्हणाले, आणि तिने त्यांना नेहमीचा खर्रा दिला.

त्यानंतर आम्ही तिला बऱ्याच गावांत नेलं. अल्लीपूरला जाताना ती गाडीच्या खिडकीशी बसली होती. लग्न झाल्यापासून हिंगणघाटच्या बाजूला कधी आलेच नव्हते, म्हणाली. रस्त्यात एका वाडीतली संत्री दिसली तर तिने मला कोपर मारून दाखवली. त्या दिवशी ती खूश होती. तिथे कार्यक्रम रंगला, बायकांनी तिला घेरून लेकरंबाळं विचारली. मग मागून एक म्हातारा उठला. “आमच्या बुढ्यानं मरेपर्यंत खाल्ला, त्याले काई नाई झालं. हे बाईच्या नशिबाचं आहे.” लोक हसले. सुटल्यासारखे हसले. मी बोलायला लागले, पण सभा उठायला लागली होती.

तिच्या गावात तर लोकांना तिची सवयच होऊन गेली. सुरुवातीला लेकरं तिला पाहून पळायची, पुढे तीच लेकरं बापासाठी खर्रा न्यायला यायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या मानेवर गाठ आली. दवाखान्यात तपासलं, आणि आता शेकाचा उपयोग नाही असं सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा ती घरात खाटेवर होती आणि ठेल्यावर सून बसली होती.

“एक कार्यक्रम आहे पुढच्या आठवड्यात,” मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं. “बरं वाटलं तर या.”

“आता मले नका नेऊ मॅडम.” मग तिने विचारलं, “माह्यं तोंड पाहून कोणी सोडला का?”

“सोडला असेल ना कोणीतरी.”

“कोणं? नाव सांगा एखाद्याचं.”

मी आठवू लागले. इतकी गावं, इतक्या शाळा. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या नजरेत टोमणा नव्हता. तिला खरंच एक नाव हवं होतं. खोटं नाव घेता आलं असतं, पण तेही सुचलं नाही. तिने कूस बदलली. मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली आणि निघाले.

ती गेल्याचं मला आशाताईकडून कळलं. मी घरी गेले तेव्हा नवरा दारात खुर्चीवर बसला होता. त्याचंही बोलणं लकव्याने जड झालेलं. एकेक शब्द जुळवत म्हणाला, “तुमच्याजवळ तिचा फोटो असन ना? भिंतीले लावाले पाह्यजे. लग्नातला होता, तो पावसात खराब झाला.”

फोटो होते. दवाखान्यात नोंदीसाठी काढतात तसे: उघडं तोंड, तोंडात मोजपट्टी, जखम, टाके, मानेवरची गाठ. मी फोनवर मागे मागे जात राहिले. तो माझ्या फोनकडे वाकून वाट पाहत होता. भिंतीवर लावता येईल असा एकही नव्हता.

“नाई का?” त्याने विचारलं.

“नाही, बाबा.”

“राहू द्या मंग,” तो म्हणाला.

बाहेर ठेल्यावर सून खर्रा घोटत होती. बसची वाट पाहणारे दोघे-तिघे तिच्यासमोर उभे होते. मी गाडीत जाऊन बसले. पुढच्या गावच्या शाळेत मुलं आमची वाट पाहत होती.