रकान्यात न मावलेली पोरं

मास्तरकीत दोन गोष्टी आपोआप साठतात, खडूची पूड आणि पोरांचे किस्से. पूड संध्याकाळी तोंड धुतलं की जाते. किस्से मात्र जात नाहीत. चार शिक्षक चहाला जमले की ते बाहेर पडतात, आणि घरी जाताना प्रत्येक जण दुसऱ्याचे दोन घेऊन जातो!

तिरोडा तालुक्यातल्या एका लहानशा गावात मी नव्याण्णव साली रुजू झाले आणि बरीच वर्षं तिसरी-चौथीचा वर्ग सांभाळला. शिक्षक दोनच, मी आणि आमचे मुख्याध्यापक. त्यांना सगळं गाव मोठे गुरुजी म्हणायचं. पुढे पुढे प्रत्येक मुलाच्या नोंदी ठेवायचं काम आलं. अवधान, स्मरण, विचार असे रकाने. रकाना केवढा? चार शब्द लिहिले की भरला! "लक्ष देतो." "लक्ष देत नाही." उरलेलं सगळं माझ्या डोक्यातच राहिलं. आता मैत्रिणी म्हणतात, सांग, तर सांगते.

* * *

लता दिवसभर खिडकीबाहेर बघायची. मी तिच्या नावापुढे पेन्सिलीनं "अवधान कमी" लिहून टाकलं होतं.

एकदा पानांची कामं शिकवत होते आणि बाईसाहेब बाहेर म्हशीकडे बघत बसलेल्या. म्हटलं, आज हिला धरतेच.

"लता, ऊठ! मी आत्ता काय सांगितलं?"

ती उठली. "पानं झाडाचं जेवण बनवतात जी. त्यायले ऊन लागते, पाणी लागते, हवा लागते. आन तुम्ही 'बरं का' नऊ वेळा म्हणाले."

वर्ग खो खो हसला. मी ओशाळले, पण आवाज चढवूनच विचारलं, "मग बाहेर काय बघून राहिली होतीस?"

"काम कानायले होतं ना जी. डोळे रिकामेच होते!"

नोंद पेन्सिलीनं लिहिली होती हे बरं झालं. त्याच दिवशी खोडली.

* * *

मी पोरांच्या ओळखीची गणितं घालायचे. आमच्याकडे भातखाचराला बांदी म्हणतात आणि भातलावणीला रोवणा. फळ्यावर लिहिलं : एका बांदीतला धानाचा रोवणा पाच बाया चार दिवसांत करतात, तर दहा बाया किती दिवसांत करतील?

"दोन!" सगळा वर्ग ओरडला. एकटा दिलीप म्हणाला, "पाच."

"पाच? बाया वाढल्या आणि दिवसही वाढले? काऊन रे?"

"बाया कोणत्या हाये, त्याच्यावर हाये जी. माही माय आन मावशी एका बांदीत उतरल्या का हात थांबते, तोंड चालते."

काही दिवसांनी पालकांची सभा होती. दिलीपची आई काळजीनं जवळ आली. "म्याडम, आमचा पोरगा गणितात कच्चा हाये म्हणते?"

मी तिला हसत हसत सगळा प्रकार सांगितला. तिनं पदर सावरला, गंभीर चेहऱ्यानं थोडा हिशेब केला आणि म्हणाली,

"चुकलाच तो. पाच नाही, सहा दिवस लागतीन. माही जाऊ बी येते ना!"

* * *

एकदा शाळा तपासायला नवे साहेब आले. माणूस साधा. मुलांना म्हणाले, "एक मिनिट डोळे मिटा. जे जे आवाज ऐकू येतील ते लक्षात ठेवा आणि मला सांगा."

पोरांनी डोळे मिटले. मिनिट झाल्यावर हात वर.

"कोंबडा!" "पाण्याचा पंप!" "खिचडीच्या गंजावरचं झाकण!"

साहेब खूश. शेवटी पुढच्या रांगेतल्या छोट्या सोनूनं हात वर केला. "साहेबाच्या पोटात गुरगुर झाली."

मोठ्या गुरुजींचा चेहरा खडूसारखा झाला.

साहेब सोनूपुढे वाकले. मग म्हणाले, "बरोबर ऐकलंस बेटा. सकाळी सातला घर सोडलंय, चहावर आहे."

सोनू उठली, दप्तरातून आपली थाळी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "मंग पयले जेवा जी. परीक्षा मागून घ्या."

साहेब तिच्याच थाळीत, पोरांच्या पंगतीत, टाटपट्टीवर मांडी घालून खिचडी जेवले. जाताना शेरा लिहिला : "अवधान उत्तम. खिचडीही."

* * *

स्मरणासाठी मी एक खेळ घ्यायचे. टेबलावर दहा वस्तू, वर पांढरं फडकं. फडकं मिनिटभर काढायचं, पुन्हा झाकायचं, मग आठवेल ते वहीत लिहायचं. बोलायचं अजिबात नाही!

कुणी सात लिहिल्या, कुणी आठ. नीलेशच्या वहीत एकच शब्द : पेन.

"एवढा वेळ पाहिलंस आणि एकच वस्तू आठवते?"

"पेन गळून राहिला होता जी. तुमच्या फडक्याले शाई लागन, म्हून मी त्याच्याकडंच पाहत होतो."

फडकं उचललं. मधोमध रुपयाएवढा निळा डाग.

"अरे, मग सांगायचं ना!"

"तुम्हीच तं म्हणाले, बोलायचं नाही!"

* * *

आता पोर्णिमा.

पोर्णिमा चौथीत होती. कविता दोन ओळींपुढे जायची नाही. स्मरणाच्या रकान्यात "सराव हवा" लिहून लिहून मी थकले होते. रोवण्याच्या दिवसांत ती एकदम यायची बंद झाली. पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले.

आईबाप बांदीत गेलेले. घरी पोर्णिमा आणि तिचे आजोबा. म्हाताऱ्याला काही म्हणजे काही आठवेनासं झालं होतं. आठवड्यापूर्वी एकटेच निघून गेले, ते संध्याकाळी तलावाच्या पाळीवर सापडले. थोडक्यात वाचले.

"मी शाळेत आली तं आबाजीजवळ कोण राहीन?" पोर्णिमा म्हणाली.

मी बोलून गेले, "त्यांनाही घेऊन ये."

मोठे गुरुजी वैतागले. "म्याडम, उद्या दुसरे आपले म्हातारे आणून बसवतील. शाळा आहे ही!"

"ते आले नाहीत तर पोरगी येणार नाही, गुरुजी. आणि एकदा सुटली की सुटलीच."

थोड्या वेळानं गुरुजींनी ऑफिसातली स्वतःची खुर्ची उचलून वर्गाच्या दाराशी आणून ठेवली. म्हणाले, "खाली बसवू नका त्यांना. या वयात गुडघे दुखतात."

रोवणा संपेपर्यंत आबाजी त्या खुर्चीत बसले आणि पोर्णिमाची एकही गैरहजेरी लागली नाही. पण सांगायचं आहे ते पहिल्या दिवसाचं.

वर्ग सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच आबाजींनी हाक मारली, "पोरी, तू कोणाची?"

पोर्णिमा उठून त्यांच्याजवळ गेली. "मी पोर्णिमा, आबाजी. तुमच्या रमेशची पोरगी."

"आमच्या रमेशची? एवढी मोठी झाली!" म्हातारा हरखला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती जागेवर येऊन बसली.

थोड्या वेळानं पुन्हा, "पोरी, तू कोणाची?" पुन्हा ती उठली. पुन्हा रमेशची पोरगी, पुन्हा तो आनंद, पुन्हा डोक्यावर हात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा वेळा! आणि दर वेळी तिचा तोच आवाज, तेच हसू.

त्याच सकाळी हातच्याची वजाबाकी तिसऱ्यांदा समजावताना मी एका पोरावर खेकसले होते, "अरे, कितीदा सांगायचं?"

सुट्टीत पोर्णिमा आबाजींना घास भरवत होती. मी जवळ जाऊन बसले.

"पोर्णिमा, सकाळपासून तेच तेच सांगून राहिलीस. कंटाळा नाही येत?"

तिचा हात थांबला. ती माझ्याकडे नवलानं बघायला लागली.

"आबाजी तं पयल्यांदाच विचारून राहिले ना जी!"