तांबडीच्या कानातली गाऱ्हाणी

"वहिनी, खोगिराचा तंग अजून एक भोक आवळू का?"

"थांबा भावजी. पोट फुगवून उभी आहे बया. श्वास सोडू दे आधी."

"आणि आई कुंपणाशी येऊन उभी आहे."

"बघितलं. त्यांनाही सोडू दे."

दीर गालातल्या गालात हसला. वहिनीला मात्र हसू फुटेना. गेल्या वर्षी या तांबडी घोडीच्या थोरल्या भावानं वहिनीला पहिल्याच बैठकीला पाठीवरून भिरकावलं होतं. खांद्याचं हाड जुळलं, पण सासूचं मन जुळलं नाही. "आता पुन्हा पडलीस तर तबेला धाकट्याकडे, आणि तू चुलीपुढे," असं तिनं बजावलं होतं. आणि चुलीपुढे बसणं म्हणजे या बाईला जिवंतपणी पुरल्यासारखंच.

तांबडीची पाठ अजून कोरी होती. गेल्या काही दिवसांत वहिनीनं तिच्यावर आधी नुसतं फडकं टाकलं, मग खोगीर ठेवलं, मग स्वतःच पोत्यासारखी पोटावर आडवी पडली होती. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालूच. घरात बोलायची सोय नाही, म्हणून सासूची सगळी गाऱ्हाणी तांबडीच्या कानात. घोडी ऐकते आणि चहाड्या करत नाही, एवढं सुख कुठल्या जावेत असतं?

तंग बसला. दिरानं दोर धरला. वहिनीनं रिकिबीत पाय घातला, हलकेच टांग टाकली आणि बसली.

तांबडी दगड झाली. पाठीला कुबड आलं, कान मागे चिकटले. गेल्या वर्षी तिच्या भावानं उडण्याआधी असंच कुबड काढलं होतं.

"चल बाई," वहिनी म्हणाली. पाहुण्यांपुढे बोलावं तसं, गोड आणि खोटं. घोडीनं शेपूट आवळलं.

"अहो, रोजचं बोला की!" दीर दातांतून पुटपुटला. "हा आवाज तिच्या ओळखीचाच नाही!"

वहिनीनं कुंपणाकडे पाहिलं. सासू चार हातांवर, कान शाबूत. इकडे आड, तिकडे विहीर. मांडीखाली घोडीचा स्नायू थरथरला तशी तिनं लाज गुंडाळून ठेवली.

"काय सांगू बाई तुला," ती हळूच म्हणाली, "रात्रभर घोरतात, आणि सकाळी म्हणतात, डोळ्याला डोळा लागला नाही. भिंतीवरची पाल घर सोडून गेली गं."

तांबडीचा एक कान मागे वळला. पाठ जराशी बसली.

"घोरते मी?" कुंपणाकडून आवाज आला.

वहिनीची बोबडी वळली. लगेच घोडीची पाठ पुन्हा ताठली.

पण सासूचाही जन्म घोड्यांतच गेलेला. तिनं आवाज चढवला नाही. "गप्प काय बसलीस? घोडी ऐकतेय ना? बोल पुढचं. घरी आलीस की बघते तुला."

"साखरेच्या डब्यावर," वहिनी पुन्हा रोजच्या आवाजात आली, "मुंग्यांनीही ठेवला नसेल असा यांचा पहारा आहे."

तांबडीनं पाय उचलला. मग दुसरा. मान खाली सोडून नाक फुरफुरवलं, आणि सासूच्या सगळ्या अवगुणांवर अख्खं रिंगण फिरून आली.

वहिनी उतरली. तिनं खोगीर काढलं, घामेजलेली पाठ पुसली. सासू फाटकाशी थांबली.

"उद्या तुझ्या आईचं सांग तिला. माझंच किती ऐकेल बिचारी?"

"आईचं एका फेरीत संपेल, सासूबाई."

सासू पाठ फिरवून निघाली. खांदे हलत होते, रागानं की हसण्यानं ते कळलं नाही. वहिनीनं पदर खोचला, फावडं उचललं आणि पलीकडच्या घोड्याच्या ठाणाची लीद ओढायला घेतली.