वनमालाताईंना पटत नाही

वनमाला परब यांचा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. भाजीवाला ताजी म्हणाला की त्या मेथीची जुडी उलटी करून बघतात, आणि नवरा जेवलो म्हणाला की पातेलं. घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत आरोग्य सेविका म्हणून फिरायला असाच स्वभाव लागतो.

गेल्या वर्षी त्यांच्या हाती एक तक्ता आला. वस्तीतल्या तरुण मुलींना विचारायचं होतं, अंगावरून जातं का, आग होते का, ओटीपोटात दुखतं का. पहिल्या फेरीत दोनशे दहा जणींनी एकसुरात ‘नाही’ सांगितलं. वरचे साहेब खूश झाले. वनमालाताईंना मात्र पटेना, कारण वस्तीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमध्ये खाजेचं मलम वडापावसारखं खपत होतं. खाज कुणालाच नाही, मग मलम काय भिंतीला लावतात?

दुसऱ्या फेरीत त्यांनी तक्ता पिशवीतून काढलाच नाही. मुली दारात बसून इमिटेशनच्या माळा ओवतात, तिथे त्याही मणी ओवत बसल्या. तिसऱ्या माळेपर्यंत गप्पा आपोआप ओटीपोटावर आल्या. त्रास असलेल्या बत्तीस जणी निघाल्या. मग साहेबांचा फोन आला, एकदम एवढ्या कशा? शून्य लिहिलं तेव्हा कुणाला अशी शंका आली नव्हती.

त्या बत्तिसांत श्वेता होती. एकवीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, संसर्ग आहे, अंगावर काढलास तर पुढे मूल राहायला अडचण येईल. औषध दोघांनी घ्यायचं, नवऱ्याला घेऊन ये. श्वेताने मान हलवली आणि एकटीच चौदा दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी गेली.

तीन आठवड्यांनी दुखणं जिथल्या तिथे. गोळ्या तर सगळ्या संपलेल्या. सासूबाई, म्हणजे प्रेमा सावंत, यांच्या मते ही सगळी नाटकं होती. शिमग्याला गावी जाताना हिला कणकवलीला माहेरी सोडायचं, बरी झाली तर आणू, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

वनमालाताईंना संशय आला श्वेताच्या नवऱ्याचा. सुयोग रिक्षा चालवतो. हा बाहेर कुठे जातो म्हणून दोन दिवस त्यांनी नजर ठेवली. तो चहाच्या टपरीपलीकडे जाईना. आणि तिसऱ्या दिवशी तोच ताईंच्या दारात उभा. आवाज खाली आणून म्हणाला की बायको त्याच्या जेवणात काहीतरी घालते, सोलकढी कडू लागते, आई म्हणते करणी केली.

“तुम्हीच शिकवता ना तिला?”

ताईंनी त्याच्यासमोरच श्वेताला बोलावून घेतलं. तिने सांगून टाकलं.

“दोघांनी घ्यायचं म्हणाल्या ना डॉक्टर. हे काय दवाखान्यात येणारेत? मग अर्धी मी घ्यायची, अर्धी कुटून यांच्या कढीत.”

म्हणून दोघंही बरी होईनात. घासातला घास काढून द्यायला या पोरीला सगळ्यांनी शिकवलं होतं. गोळीचं तसं नसतं हे सांगायचं राहून गेलं होतं.

सुयोगचा चेहरा बदलला. हिला हे कुठून लागलं, असं तो विचारणार, तेवढ्यात ताईंनीच विचारलं, “तुला लघवीला आग होते काय रे?”

“ती रिक्षाची उष्णता, ताई. गाडीवर बसून बसून. सब्जा पितो ना मी.”

“कधीपासून पितोस?”

“झाली की तीन वर्षं.”

“आणि लग्नाला किती झाली?”

सुयोगने बोटं मोजायला घेतली आणि मध्येच हात खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं आणि दोघांना वेगवेगळ्या, पुऱ्या गोळ्या दिल्या. ताई घरापर्यंत सोबत आल्या. वाटेत हा पळाला तर काय घ्या. दारात श्वेताची पिशवी बांधून तयार होती.

“ती जाणार नाही, आई,” सुयोग म्हणाला. “आमचं दोघांचं औषध चालू आहे.”

“तुझं? तुका काय झाला?”

“तिला झालंय तेच. माझ्यामुळे.”

प्रेमाबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग वनमालाताईंकडे. शेवटी त्यांनी ती पिशवी पायाने पलंगाखाली सरकवली.