वर्षावासातला वाचक

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी अमळनेरला रोज ये-जा करून नोकरीला, वस्तीतला पहिला पदवीधर, म्हणून वाचक मीच. विहाराच्या छपरावरच्या भोंग्याचं तोंड मुद्दाम गावाकडे केलं होतं. गावानं ऐकावं, एवढीच कमिटीच्या मंडळींची साधना. स्वतःच्या घरांकडे भोंग्याची पाठ.

आयुष्य क्षणाचं आहे, सगळं अनित्य आहे, हे मी असं खणखणीत वाचायचो की मंडळी माना डोलवायची. मग चपला घालता घालता सतरंजीवर पुढे कोण बसलं यावरून तीच मंडळी हमरीतुमरीवर यायची. मला त्यांचं हसू यायचं. स्वतःला मी फार शहाणा समजत होतो.

माझी थोरली बहीण, अक्का, वस्तीच्या टोकाला अंथरुणाला खिळली होती. आई गेल्यावर कापूस वेचून तिनंच मला शिकवलं. वाचनाला जाताना मी दारातूनच डोकावायचो.

"बठ्ठा गावले वाची दखाडस, माले एक पान वाची दखाड ना, भाऊ."

"साऱ्या गावाला ऐकू जातं, भोंगा आहे की!"

"ऐकू नही येत."

कान गेले म्हातारीचे, असं मी ठरवून टाकलं. शिवाय ग्रंथ मांडला की समाप्तीपर्यंत विहाराबाहेर न्यायचा नाही, हा कमिटीचा नियम. तो मला बरा सापडला.

भाद्रपद संपता संपता तिनं जेवण सोडलं, तेव्हा कुठे मी नियम मोडला. ग्रंथ कापडात गुंडाळून तिच्या उशाशी बसलो, घसा खाकरला आणि अनित्यतेचंच पान काढलं. दोन ओळी झाल्या असतील. तिनं हात वर केला.

"हळू वाच रे भाऊ. मी आठेच शे." इथेच, हातभर अंतरावर होती ती.

मला हळू वाचता येईना. आवाज उतरवला की वाक्याचा अर्थच लागेना. इतके दिवस मी काय वाचत होतो कोण जाणे. भयंकर लाज वाटली. पान अर्धं टाकून उठलो, उद्या वाचतो म्हणालो. रोज अनित्यता सांगणारा मी, उद्या वाचतो म्हणालो!

पहाटे ती गेली.

समाप्तीला कमिटीनं माझा सत्कार केला. बहीण गेली त्याच दिवशी संध्याकाळीही वाचकानं वाचन चुकवलं नाही, म्हणून भरभरून कौतुक झालं. मी शाल घेतली.