लेन्सवर नका टाकू

“कॅमेरा दे माझ्याकडं. आत बायका चालत न्हाईत.”

अभिषेक असं म्हणाला आणि मी कॅमेरा दिला. मान वाकवली, पट्टा गळ्यातून काढला आणि दिला. पालखी देवळाच्या पायऱ्यांवर आली होती. हलगी कडकडत होती. गुलालानं डोळे चुरचुरत होते. दीड तास मी पालखीपुढं उलट्या पावलांनी चालत आले होते, आणि एकदाही फोकस सुटू दिला नव्हता. आता ऐन आरतीच्या वेळी मी देवळाबाहेर चपला राखत उभी राहिले. आमच्या ग्रुपच्या पाच जणांच्या चपला. त्यात माझी एक जोडी; ग्रुपमध्ये मुलगी मी एकटीच.

राग आला का? खरं सांगते, नाही आला. वाईट वाटलं. पण बायकांना गाभाऱ्यात नेत नाहीत हे लहानपणापासून ऐकलेलं. बाई म्हणून कुणी अडवलं की आपण मुकाट बाजूला होतो, तशी झाले. त्या बाजूला होण्याची मला आजही चीड येते.

आमचं मीडियाचं शेवटचं वर्ष होतं. कॉलेज कऱ्हाडला. वर्षाच्या शेवटी पाच जणांनी मिळून एक माहितीपट करायचा होता. अभिषेकच्या गावची जत्रा हा विषय त्यानंच सुचवला. गाव कडेगाव तालुक्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. गाव त्याचं, घर त्याचं, गावात शब्द चालतो तो त्याच्या वडलांचा, म्हणून दिग्दर्शकही तोच झाला. कॅमेरा आणि एडिटिंग माझ्याकडं आलं. ते काम बाकी कुणाला नीट येत नव्हतं म्हणून आलं.

मला येत होतं, कारण मी हात मोडेपर्यंत केलं होतं. सर फळ्यावर आकृत्या काढून शिकवायचे. मी कॉलेजचा एकुलता एक चांगला कॅमेरा सही करून घ्यायचे आणि उंब्रजच्या बाजारात जायचे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, तिथं भाजीचा छोटा टेम्पो चालवतात. हलत्या टेम्पोवर फोकस धरायचा सराव मी दादांच्या टेम्पोवर केला. दादा पुढं जायचे, वळून यायचे, परत जायचे. बाजारातली माणसं हसायची. दादा म्हणायचे, “हसू देत, तू धर.” एडिटिंगची गत याहून वाईट. लॅबमध्ये ते सॉफ्टवेअर पेलेल असा एकच संगणक होता आणि तो दर थोड्या वेळानं मान टाकायचा. आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो. म्हातारीपुढं बसून मी एक गोष्ट पक्की शिकले. जे हाताशी आहे ते आधी जपून ठेवायचं, मग पुढचा कट.

जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही अभिषेकच्या घरी उतरलो. त्याच्या वडलांना सगळे अण्णा म्हणतात. आमच्या कॉलेजच्या संस्थेवरही ते आहेत. गोड माणूस. प्रत्येकाला गाव विचारलं. मला म्हणाले, “उंब्रजात कुठं गं?” मी वस्तीचं नाव सांगितलं. अण्णा “बरं बरं” म्हणाले आणि पुढच्या मुलाकडं वळले. जेवायला सगळ्यांना कागदी प्लेटी होत्या. काकींनी, म्हणजे अभिषेकच्या आईनं, आग्रह करकरून वाढलं. मला वाटलं, भांडी घासायचा व्याप नको म्हणून प्लेटी. चांगली माणसं आहेत असंही वाटलं.

सोमवारी दुपारी मी लॅबमध्ये फुटेज उतरवायला बसले. रस्त्यावरची पालखी झकास आली होती. आता अभिषेकनं घेतलेली आरती शोधत होते. ती नव्हतीच.

काय झालं होतं ते लगेच कळलं. नवशिक्या माणसाच्या हातून ही चूक हमखास होते. मी त्याच्या हातात कॅमेरा दिला तेव्हा तो चालूच होता. पालखी टिपता टिपता बंद करायला वेळच मिळाला नव्हता. आरती सुरू झाल्यावर अभिषेकनं चालू करायचं म्हणून बटण दाबलं, आणि कॅमेरा बंद झाला. ज्यानं तीन वर्षांत कॅमेरा फक्त फोटोपुरता हातात धरला, तो दिग्दर्शक. आरती गेली. आणि आरतीच्या आधीचं, जे घ्यायचं नव्हतं, ते सगळं आलं.

मी हेडफोन लावला. आधी माझा हात दिसला, मग पट्टा, मग पायऱ्या. मग ओली फरशी. गाभाऱ्यातली. फरशीवर पाय होते. पुरुषांचे अनवाणी पाय. आणि बायकांचे. जोडवी घातलेले, पैंजण घातलेले, एका पायाला लाल नखपॉलिश. एक लहान मुलगी पाय आपटत होती. मला हसूच आलं आधी. म्हटलं, बायका चालत नाहीत ना?

मग अण्णांचा आवाज.

“थांब, थांब. तसाच आत आणतूयस व्हय? त्या मांगाच्या पोरीच्या गळ्यात हुता न्हवं त्यो? ठेव हितं खाली.”

कॅमेरा फरशीवर ठेवला गेला. चित्र आडवं झालं. पुजाऱ्याचा हात आला, हातात तांब्या. कुणीतरी म्हणालं, गोमूत्र हाय का त्यात, का नुस्तं पानी. हाय, हाय, असं उत्तर आलं.

मग अभिषेक बोलला. घाबरून बोलला.

“लेन्सवर नका टाकू, काका. कॉलेजचा हाय.”

अण्णांनी विचारलं, “तिला काय सांगितलंस?”

“बायका चालत न्हाईत म्हनून सांगितलंय.”

आणि काकी हसून म्हणाल्या, “मग आमी कोन रं?”

सगळे हसले. पुरुष हसले, बायका हसल्या, अभिषेक हसला. त्याचं हसणं मी तीन वर्षं ऐकलंय, लगेच ओळखू येतं. एक थेंब लेन्सवर पडलाच. कॅमेरा बिचारा त्या थेंबावर फोकस करायला धडपडत राहिला. मग घंटा वाजली आणि सगळं काळं झालं.

एक मिनिट बावन्न सेकंद. मी ते चार वेळा पाहिलं. शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, आवाज फुटतोय.

पहिलं काम काय केलं, तर क्लिप पेनड्राइव्हवर घेतली. मग माझ्या मोबाइलवर, तिथून आईच्या मोबाइलवर. मग रडले.

दुसऱ्या दिवशी अभिषेकला कॅन्टीनमध्ये गाठलं. मोबाइलवर क्लिप लावून त्याच्यापुढं धरली. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं होतं, निदान खाली मान घालेल. तो म्हणाला, “तुला वाईट वाटू नये म्हनून तर तसं सांगितलं. माझा काय संबंध? गावाकडची जुनी मानसं हायत.”

मला वाईट वाटू नये म्हणून. म्हणजे उपकार केला होता त्यानं. तोंडावर हाकलली असती तर मी तिथंच काहीतरी बोलले असते, निदान चपला तरी राखल्या नसत्या. त्यानं मला माझ्या रागाचीही संधी दिली नाही. जुन्या माणसांनी पाणी शिंपडलं असेल, पण खोटं रचलं ते माझ्या वयाच्या, माझ्या डब्यातलं खाणाऱ्या पोरानं.

तो सरांकडं गेला. सरांनी मला बोलावलं, दार लोटून घेतलं, खुर्ची दिली. सर तसे वाईट नाहीत. म्हणाले, समजू शकतो मी. म्हणाले, पाच जणांच्या वर्षाचा प्रश्न आहे. अण्णा संस्थेवर आहेत हे त्यांनी सांगितलं नाही, पण दोनदा खिडकीबाहेर बघितलं. शेवटी म्हणाले, “हा प्रोजेक्ट आहे, चळवळ नाही. ती क्लिप डिलीट कर. तिथं कळसाचा शॉट टाक आणि खाली आरतीचा आवाज लाव. कुणाला कळणार पण नाही.”

मी “हो सर” म्हणाले. लॅबमध्ये जाऊन त्यांच्या देखत डिलीट केली. कळसाचा शॉट टाकला. आरतीचा आवाज लावला. फार सुंदर झाली फिल्म. सर खूश झाले, अभिषेकनं सगळ्यांना चहा पाजला. मला म्हणाला, “गड्या, तुझं मन लय मोठं हाय.”

मन मोठं नव्हतं. मी दुसरी फिल्म करत होते.

तीन आठवडे लागले. म्हातारीवर कधी कुणी नसेल तेव्हा बसायचे. पहिली बारा मिनिटं तशीच ठेवली. त्यांना आवडणारी. ऊस, गुलाल, पालखी, गावच्या म्हाताऱ्यांनी केलेलं जत्रेचं कौतुक. अडचण होती ती आवाजाची. बाहेरची हलगी आत घुमत होती आणि बोलणं तिच्याखाली दबत होतं. हलगी वाजवणारे माझ्याच जातीचे लोक होते, तेही देवळाबाहेरच. त्यांचा आवाज खाली करताना मला लाज वाटली, पण केला. माणसांची वाक्यं एकेक करून वर काढली. आवाजाचा कुठला पट्टा दाबायचा, कुठला उचलायचा, हे मी वर्गात शिकले नव्हते. त्या तीन आठवड्यांत शिकले. शेवटी अण्णांचा शब्द न्‌ शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागला, आणि काकींचं हसूही. मी क्लिपला कात्री लावली नाही. संगीत नाही, निवेदन नाही, खाली अक्षरं नाहीत. क्लिप संपते तिथं फिल्म संपवली आणि नावं टाकली. देवळातलं चित्रण: अभिषेक. देवळाबाहेरचं चित्रण: त्याखाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत अण्णा, काकी, संस्थेची माणसं. सरांनी अण्णांचे आभार मानले, टाळ्या झाल्या. लॅपटॉपवर मी होते, कारण प्रोजेक्टर लावायलाही दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. कुठली फाईल उघडायची हे माझ्या हातात होतं. मी माझी उघडली.

बारा मिनिटं अण्णा मान डोलवत होते. मग पायऱ्या आल्या, फरशी आली, पाय आले. “तसाच आत आणतूयस व्हय?” हा आवाज हॉलच्या दोन्ही स्पीकरमधून घुमला. मला वाटलं होतं, कुणी ओरडेल, कुणी वायर ओढेल. सर उठले होते, पण जागच्या जागी उभे राहिले. कुणी काही केलं नाही. “मग आमी कोन रं?” आलं तेव्हा मी पडद्याकडं नाही, पहिल्या रांगेकडं बघत होते. काकींनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? पोटातून आनंद झाला. हे चूक आहे असं मला पुढं बऱ्याच जणांनी समजावलं, त्यात आपलेही होते. मला अजून पटलेलं नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. बाकी चौघं कळसाच्या फिल्मवर पास झाले. मला शिस्तभंग म्हणून नापास केलं, पुढच्या परीक्षेला एकटीनं नवा प्रोजेक्ट करावा लागला. दादांना बाजारात दोघं-तिघं भेटून गेले, पोरीला आवर घाला म्हणाले. दादा घरी येऊन बसले. टेम्पोची किल्ली हातातच होती. म्हणाले, “मिटवून टाक गं. आपल्याला ह्याच रस्त्यानं यायाजायाचं हाय.” इतका घाबरलेला माझा बाप मी कधी पाहिला नव्हता. मग लक्षात आलं, पाहिला होता, रोज पाहत होते, फक्त ओळखलं नव्हतं. बाजारात कुणाला आधी जागा द्यायची, कुणापुढं आवाज चढवायचा नाही, कुठल्या गावात भाडं घेऊन जायचं नाही, हे सगळं त्या भीतीचंच वेळापत्रक होतं. मी त्यांना म्हटलं, मिटवणार नाही. पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही.

याला दोन वर्षं झाली. मी आता सांगलीत एका स्टुडिओत एडिटर आहे. माझं काम चोख असतं, त्यामुळं कुणी आडनावाकडं फार बघत नाही, किंवा बघतात आणि गप्प बसतात.

गेल्या महिन्यात अभिषेकचा फोन आला. त्याचं लग्न ठरलंय. मुलीकडच्या कुणाला तरी त्या क्लिपबद्दल कळलं होतं, त्यांनी विचारणा केली होती. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “अजून हाय का गं तुझ्याकडं ती?”

“हाय.”

“काढून टाक की. लय झालं आता. माफी मागतो. काय पायजे तुला, सांग.”

मी खरंच विचार केला, काय पाहिजे? त्याचं माफी मागणं घेऊन मी काय करू? ते कुठं ठेवू? त्यानं माफी मागितली की मी मोठ्या मनानं ती द्यायची, आणि मग लग्नात त्यानं मला जेवायला बोलवायचं, हे सगळं त्यानंच ठरवलेलं. मी म्हटलं, मला काही नको. क्लिप मी कुठं टाकणार नाही, कुणाला पाठवणारही नाही. पण ती आहे, एवढं लक्षात ठेव.

तो म्हणाला, “म्हंजे आमी जल्मभर भिऊन ऱ्हायाचं व्हय?”

“व्हय,” मी म्हटलं.

मी फोन ठेवला आणि क्लिपची चौथी प्रत काढली.