दवाखान्याच्या फाटकाबाहेर

नैरोबीला पोचून मला महिनाही झाला नव्हता. मी सतरा वर्षांची, वेल्ह्याच्या डोंगरातली. मला नसरापूरचा बाजारसुद्धा मोठा वाटायचा. मालक नैरोबीत रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांनी मला बोलावून घेतलं.

रेल्वेच्या पत्र्याच्या खोल्यांत आमची खोली शेवटची. शेजारी भोरच्या एका कारकुनाचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणे. भोर-वेल्ह्याकडची तेवढी एकच बाई, म्हणून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे. "पुन्हा म्हण गं, 'लई' कसं म्हणतेस?" असं त्या चार बायकांसमोर म्हणायच्या आणि मी म्हणून दाखवायची. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दार लावून घेतलं असतं.

एके दुपारी त्याच सांगत आल्या. मालक कारखान्यात ताप चढून पडले होते, तिथूनच त्यांना दवाखान्यात नेलं होतं. "लघवी काळी होतेय म्हणे," काकू दारातूनच म्हणाल्या. "त्यातनं फार थोडे उठतात."

भेटायची वेळ चार ते पाच. काकू माझ्यासोबत आल्या. फाटकापाशी खिडकीत गोव्याचा एक कारकून यादी घेऊन बसला होता. "घरवाल्याचं नाव?"

आमच्यात नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. सासऱ्याचं तर उच्चारायचंच नाही. सासरी पत्र आलं की मीच वाचून दाखवायची, पण वरचं नाव नुसतं डोळ्यांनी. मी आडनाव सांगितलं. कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं. "आडनाव लिहिलेलं नाही इथं. नाव आणि बापाचं नाव. बोल लवकर."

मी काकूंकडे वळले. "काकू, तुमी सांगा की."

त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती. त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी का सांगू? नवरा तुझा. हवं तर उखाण्यात घे, उखाण्यात चालतं ना तुमच्यात? आम्हीही ऐकतो."

मागच्या बायका हसल्या. लग्नातला उखाणा मला येत होता. पण आत माणूस मरायला टेकलेला आणि मी फाटकात उभी राहून उखाणा म्हणू? पाच वाजले. शिपायानं "हापाना, हापाना" म्हणत हातांनी मागं सारलं. तो शब्द मला तोवर कळायला लागला होता. नाही, नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. कागदावर दोन्ही नावं ठळक अक्षरात लिहून नेली होती. लिहायला बंदी नव्हती, आणि चौथी झाल्याचा मला तेवढा एक आधार वाटत होता. कारकुनानं कागद उलटसुलट केला. त्याला इंग्रजीशिवाय वाचता येत नव्हतं. आजूबाजूला आमची अक्षरं येणारं कुणी दिसेना, आणि परक्या माणसाला हाक मारून विचारण्याइतकं तोंड मला कधीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काकू पुन्हा आल्या, दोघी मैत्रिणींना घेऊन. गंमत दाखवायलाच. कारकून म्हणाला, "रेल्वेतले दोघे सकाळी गेले. तुझा कोण ते सांग, म्हणजे बघतो."

"आता घे की," काकू म्हणाल्या. "गेला असेल तर आता काय कमी व्हायचंय?"

मी तिथेच मातीत बसले. गेले असतील तर नाव घेऊन काय मिळणार होतं? आणि जिवंत असतील तर माझ्या तोंडानं जातील. मी दोन्ही ओठ दातांखाली धरले. पाच वाजले.

नंतर मी गेलेच नाही. दहा-बारा दिवसांनी मालक घरी आले, दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून. माझ्याआधी काकूंनीच सगळं नकला करून सांगितलं. मालकही आधी हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शेजारच्या खाटंवरल्या पठाणाची बायकू रोज यायची. म्या दाराकडं बघून बघून डोळं फोडून घेतलं. मेलो असतो तरी आली न्हाईस."

"आवं, नाव घ्यायचं हुतं."

"मग घे. आत्ता घे. घेतल्याबिगर तुझ्या हातचं खाणार न्हाई."

दोन वेळचं ताट परत आलं. त्यांना तर उठून बसवत नव्हतं. तिसऱ्या वेळेला काकू, त्यांचे मालक, मैत्रिणी, सगळे खाटेभोवती जमले होते. कुणी तरी "गप रे, ऐकू द्या," म्हणालं. मी ताट खाली ठेवलं आणि नाव घेतलं. आधी त्यांचं, मग सासऱ्यांचं. उखाणा नाही, काही नाही. आणि घेताना मनात धरलं, होऊ दे कमी.

काकूंनी टाळी वाजवली. मालकांनी ताट पुढं ओढलं, घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

आता आम्ही गावी परत येऊन पाच वर्षं झाली. मालक खणखणीत आहेत. मी लोकांत त्यांचं नाव घेत नाही. पण दळायला बसले आणि जवळ कुणी नसलं की जात्यावर वाकून नाव घेते, सावकाश, पुरं. ते आतून हाक मारतात तेव्हा "आले" म्हणते.